कट्टर म्हणवून घेणाऱ्या दोस्तांना

दोस्तांनो, हल्ली आपल्या वस्तीत 'कट्टर' हा शब्द फार स्वस्त झालाय. रिक्षाच्या मागच्या काचेवर कट्टर, मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर कट्टर, पोरांच्या टी-शर्टावर कट्टर. समोरच्यांनी आपल्या देवाधर्मासाठी हा शब्द छातीवर लावला, म्हणून आपणही लावला. मी सूतगिरणीत रिंग खात्यात तिसरी पाळी करतो. शाळा आठवीत सुटली. पण कुठलाही शब्द उचलण्याआधी तो कुणाच्या घरचा आहे हे विचारायची सवय मला या चळवळीनंच लावली. म्हणून विचारतो, कट्टर म्हणजे नक्की काय?

निमित्त सांगतो. आमच्या वस्तीत दर रविवारी एका पत्र्याच्या खोलीत येशूची प्रार्थना होते. पंधरा-वीस बाया, दोन-चार म्हातारे. बहुतेक आपलेच. कुणाचा नवरा दारूत बुडालेला, कुणाचं पोर खाटेवर. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला : हे बंद पाडा. चार जण काठ्या घेऊन जाऊ, एका रविवारात विषय संपतो. मी विरोध केला, तर सवाल आला, 'तुला मिशनवाल्यांनी किती दिले?' त्या सवालाचा हा जवाब.

फ्रेडरिक डग्लस हे नाव आपल्यातल्या प्रत्येकानं पाठ करावं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मला. मालकिणीनं मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकानं ती बंद केली. शिकलेला गुलाम हाताबाहेर जातो म्हणाला. मग ह्यानं गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरी दिली आणि त्यांच्याकडून अक्षरं घेतली. १८३८ साली तो पळाला आणि १८४५ साली त्यानं आपली कहाणी छापली.

त्या कहाणीत थॉमस ऑल्ड नावाचा त्याचा एक मालक आहे. १८३२ साली मेथडिस्ट पंथाच्या मेळाव्यात ह्या माणसाला धर्म लाभला. गुलामांना वाटलं, आता मालक मवाळ होईल. झालं उलटंच. सकाळ-संध्याकाळ घरात प्रार्थना, ओसरीवर धर्मोपदेशकांचा राबता, आणि गुलामांच्या पोटाला तीच उपासमार. घरात हात भाजून अधू झालेली एक तरुण गुलाम बाई होती. ऑल्ड तिला बांधून उघड्या खांद्यांवर चाबूक ओढायचा आणि ओढताना बायबलातलं फटक्यांचं वचन म्हणायचा. डग्लस लिहितो, धर्म लाभण्याआधी त्याच्या क्रूरपणाला फक्त त्याच्या स्वभावाचा आधार होता; नंतर देवाचाही मिळाला.

त्याच गावात एका गोऱ्या तरुणानं गुलामांसाठी रविवारची शाळा काढायचं ठरवलं. बायबल वाचता यावं, एवढीच मागणी. डग्लस शिकवायला पुढं झाला. थोड्याच दिवसांत चर्चचे पुढारी काठ्या घेऊन आत घुसले, बरोबर थॉमस ऑल्डही. शाळा उधळली. दोस्तांनो, तेही 'चार काठ्या आणि एक रविवार' असंच म्हणाले असतील. काठी घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत जाणाऱ्यानं आधी हे ठरवावं, त्या गावात आपण डग्लसच्या बाजूला उभे असतो की ऑल्डच्या?

डग्लस थांबला नाही. पुढं दुसऱ्या मालकाकडं असताना त्यानं चोरून पुन्हा शाळा भरवली. चाळीसच्या वर गुलाम यायचे. सापडलं तर पाठ फोडून निघणार हे प्रत्येकाला ठाऊक. बायबल तेच होतं, येशूही तोच. ऑल्डच्या धर्माची किंमत त्या अधू बाईच्या खांद्यांनी मोजली. ह्या चाळीस जणांनी आपल्या श्रद्धेची किंमत स्वतःची पाठ पणाला लावून मोजायची तयारी ठेवली. मला खरी तळमळ आणि धर्मवेड ह्यांतला फरक इथं सापडतो. आवाज किती मोठा, डोळे किती लाल, ह्यावरून तो कळत नाही. मार कोण खातंय ते बघा. डग्लसनंही पुस्तकाच्या शेवटी खुलासा केला की माझा घाव गुलाम राखणाऱ्यांच्या धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या धर्मावर नाही. दोन्हींत इतकं अंतर आहे की एकाचा मित्र असणं म्हणजे दुसऱ्याचा वैरी असणं.

आणि बघा, त्याच १८४५ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली. भांडण काय होतं? गुलाम राखणाऱ्याला मिशनरी होता येईल की नाही! त्यांनी त्या पापाची जाहीर माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षं लागली.

काही शहाणे म्हणतील, म्हणून जास्त तापूच नये, सगळं शांतपणे घ्यावं. त्यांना बर्मिंगहॅम दाखवतो. १९६३ च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या त्या शहरात मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात होते. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं : निदर्शनं वेळेला धरून नाहीत, संयम ठेवा. किंगनी तुरुंगातून जवाब लिहिला, सुरुवात वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत. मला अतिरेकी म्हणता? मग येशू प्रेमाचा अतिरेकीच होता, असा त्यांचा रोख. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी, क्लू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी तिथल्या काळ्यांच्या चर्चमध्ये बाँब फोडला. चार पोरी मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. आणि हे क्लॅनवाले स्वतःला ख्रिस्ती म्हणवायचे, क्रूस पेटवून रात्री नाचवायचे. म्हणजे एकाच गावात तीन ख्रिस्ती : एक क्रूस जाळणारा, एक गप्प बसा म्हणणारा, एक तुरुंगात जाणारा. तिघांना एका मापानं मोजणारा माणूस आंधळा. आणि गप्प बसा म्हणणारा तर आपल्याही रोजच्या ओळखीचा.

ही गोष्ट परक्यांची नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिकडच्या काळ्या पोरांकडून. नाव घेतलं, तर हा हिशेबही घ्या.

मी चर्चची वकिली करत नाही. धर्म बदलूनही हिंदी ख्रिस्त्यांतली जात गेली नाही, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्याचं थडगंसुद्धा वेगळं. त्यावर जरूर बोला, त्यांच्या फादरला भर सभेत विचारा. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं, तो आजही बाहेर आहे. बौद्धांना आत घेतलं १९९० साली. तोवर केंद्राच्या सवलतींबाबत आपणही धर्म बदलल्याची तीच सजा भोगली. त्या बायांच्या पाठीवर सरकारचा एक फटका आधीच आहे. दुसरा आपण मारायचा?

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन मारायचा? त्यांनी १९३५ साली येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १९५६ साली नागपुरात. मधे एकवीस वर्षं. वाचलं, तपासलं, लोकांना भाषणातून समजावलं, आणि मगच पाऊल टाकलं. लाखो माणसं आली, एकालाही काठीनं हाकलून आणलं नव्हतं. माणसाला आपला धर्म निवडता येतो, हीच तर त्या दिवसाची कमाई. ती एका रविवारात घालवायला निघालात?

बाया तिकडं का जातात हे विचारा. दुखणं ऐकून घेणारं कुणी तिथं आहे म्हणून जातात. आपल्या विहाराला आठवडाभर कुलूप असतं, जयंतीला उघडतं, डीजे वाजतो, पुन्हा कुलूप. ते कुलूप तोडा. संध्याकाळी अभ्यासिका चालवा, दारूड्या नवऱ्याच्या दारात चार जण उभे राहा, आजारी पोराला दवाखान्यात न्या. पहाटे पाळी सुटल्यावर झोप मारून मी यायला तयार आहे. ह्याला तापलेलं डोकं लागतं, आणि ते आपल्याकडं आहे.

एवढं करूनही कुणी बाई म्हणाली, मला येशूच जवळचा वाटतो, तर तिला जाऊ द्या. आणि उद्या तिच्या खोलीवर दुसरं कुणी काठ्या घेऊन आलं, तर दारात आधी आपण उभे पाहिजे. मग गाडीवर काय लिहायचं ते खुशाल लिहा.