आपले साहित्य कोणाच्या आवाजात ऐकायचे?

मराठीत सध्या साहित्यिक पॉडकास्टला चांगले दिवस आले आहेत. कथा, कविता, निबंध वाचून दाखवणारे, त्याला संगीताची जोड देणारे कार्यक्रम लोक मोबाईलवर ऐकतात. लोकलच्या गर्दीत, रात्रपाळीला जाताना, भाकरी थापताना पुस्तक कानावर पडते. या लाटेत आता दलित साहित्यही येऊ लागले आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण स्वागत करताना एक प्रश्न विचारावा लागेल. आपले साहित्य कोणाच्या आवाजात ऐकायचे आणि ते ठरवणार कोण?

हा प्रश्न काढला की लगेच ऐकवले जाते, "आवाजाला कुठे जात असते?" या देशात तर ऐकण्यालाही जात होती. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेला धातू किंवा लाख ओतावी, असा दंड गौतम धर्मसूत्राने सांगितला आहे. ज्ञान तोंडी चालत होते, म्हणून पहारा कानावर बसवला. याउलट बुद्धाचा धम्म कित्येक शतके ऐकून आणि पाठ करूनच टिकला. श्रीलंकेत तो लिहून काढला गेला, तो फार नंतर. तेव्हा कोण बोलतो आणि कोण ऐकतो हा आपल्यासाठी करमणुकीचा प्रश्न कधीच नव्हता.

आपल्या साहित्याची वाटही आधी कानाची आहे. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' छापून येण्याआधी लोकांना वाचून दाखवला. १८७३ ची 'गुलामगिरी' तर धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातच लिहिलेली आहे. दोन माणसे समोरासमोर बसली की तिचे श्राव्यरूप तयार! पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसे काढले. वामनदादा कर्डक गावोगाव गायले. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार याच वाटेने गेला. पॉडकास्ट हे त्याच जुन्या कामाचे नवे हत्यार आहे.

मग अडचण कुठे आहे? प्रस्थापितांच्या स्टुडिओत आपले साहित्य गेले की त्याचे काय होते, ते आम्ही ऐकले आहे. पहिली गोष्ट म्हणजे बोलीला इस्त्री केली जाते. लेखिकेने मुद्दाम 'पानी' लिहिलेले असते, वाचणारा 'पाणी' म्हणतो. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' किंवा शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' यांच्या नावातच बोली आहे. ती बोली पुसली तर अर्धे पुस्तक पुसले जाते. दुसरी गोष्ट दयेची. आत्मकथन सुरू झाले की मागे रडवी बासरी लागलीच पाहिजे, असा जणू नियम आहे. आपल्या आयाबायांनी दुःख सांगताना जो उपहास केला, ज्या शिव्या घातल्या, जो विनोद केला, तो त्या बासरीत बुडून जातो. तिसरी गोष्ट निवडीची. भूक आणि अपमान निवडले जातात, विचार मागे राहतो. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'मधले बाबासाहेबांचे अग्रलेख हे मराठी निबंधाचे अव्वल नमुने आहेत. साहित्य म्हणून ते किती ठिकाणी ऐकायला मिळतात?

मग दलित साहित्य फक्त दलितानेच वाचावे का? आमचे म्हणणे तसे नाही. कोणीही वाचावे. पण ज्या गावची, ज्या वस्तीची भाषा आहे तिथल्या माणसाकडून ती शिकून वाचावी, आणि काय निवडायचे, काय गाळायचे या निर्णयात आपली माणसे असावीत. टोनी मॉरिसन यांनी आपल्या अनेक कादंबऱ्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. आपल्या वाक्याचा ठेका आपल्याला ठाऊक आहे, ही त्यामागची जाण आपणही घ्यावी. 'न्यूयॉर्कर' या अमेरिकी साप्ताहिकाच्या कथा-पॉडकास्टमध्ये एक लेखक दुसऱ्या लेखकाची जुनी कथा निवडतो, वाचतो आणि तिच्यावर चर्चा करतो. आपल्याकडे एखाद्या तरुण लेखिकेने बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा अशी वाचली आणि आजच्या हॉस्टेलमध्ये, आजच्या ऑफिसात जात का लपवावी लागते यावर बोलली, तर? त्या एका भागाचे मोल दहा सत्कार समारंभांपेक्षा जास्त असेल.

आता आपल्याकडेही बोट दाखवू. आपली यूट्यूब चॅनेल कमी नाहीत. त्यांवर भाषणे आहेत, मिरवणुका आहेत, डीजेची गाणी आहेत. वीस मिनिटांची एक कथा नीट वाचलेली मात्र शोधावी लागते. आणि माईक बहुतेक पुरुषांच्याच हातात असतो. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्याशी बोलून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. त्या दोघी ऐकायला गेल्या नसत्या तर त्यातले कितीतरी विस्मरणात गेले असते. आज आपल्या खिशात मोबाईल आहे आणि वस्तीतली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. कारणे सांगायला वेळ उरलेला नाही.

सुरुवात करायला पैसा लागत नाही. दारे-खिडक्या लावलेली खोली, घुमणारा आवाज दाबायला भिंतीला दोन गोधड्या आणि एक मोबाईल एवढे पुरते. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. म्हणजे मुक्ता साळवे यांचा १८५५ चा निबंध, सावित्रीबाईंच्या कविता, जोतीरावांचे ग्रंथ आणि बाबासाहेबांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आज सर्वांना खुले आहे. मात्र भाषांतराचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नका. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनाला २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागते. बागुल, ढसाळ, दया पवार यांच्यासाठीही लागते. "समाजाचे काम आहे, परवानगी कशाला?" असे म्हणू नका. लेखकाचे श्रम फुकट वापरणे ही वेठबिगारीच आहे, आणि तिच्याविरुद्ध आपली माणसे लढली आहेत. परवानगी घ्या, चार पैसे मिळाले तर त्यातला वाटा लेखकाच्या घरी पोहोचवा.

दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परतणारा हा समाज आहे. त्या पुस्तकांच्या घरात अजूनही अशी आजी असते जिला वाचता येत नाही, असे आजोबा असतात ज्यांना आता दिसत नाही. त्यांना रोज दहा पाने वाचून दाखवा. आपला उच्चार चुकला तर ते सुधारतील, मध्येच थांबवून त्या काळातले काही सांगतील. ते सगळे रेकॉर्ड करा. आपला पॉडकास्ट तिथून सुरू होईल.

जय भीम!