मैलभरातलं जग



गेल्या महिन्यात चौथीच्या वर्गाला 'माझे आजोबा' हा निबंध दिला होता. सगळ्यांच्या वह्या आल्या, एक आली नाही. विचारलं तर तो मुलगा मान खाली घालून म्हणाला, "बाई, आजोबा दिसायचे कसे तेच आठवत नाय. घरात त्यांचा फोटोच नाय."

आजोबांनी जन्मभर रापण ओढली. फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा. तोही पुसट! त्या दिवशी मला फ्रँक सटक्लिफ यांची फार आठवण झाली.

कोण हे सटक्लिफ? इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १८५३ साली जन्मलेल्या सटक्लिफ यांनी १८७६ च्या सुमारास तिथे फोटो स्टुडिओ थाटला. उन्हाळ्यात पाहुणे नटूनथटून येत, फोटो काढून घेत, पैसे देत. त्यावर घर चाले. पण सटक्लिफ यांचं मन रमायचं बंदरावर. मोकळा वेळ मिळाला की जड लाकडी कॅमेरा घेऊन निघालेच! जाळी दुरुस्त करणारे म्हातारे, होडीला टेकून गप्पा मारणारे मच्छीमार, आमिषासाठी खडकावरचे शिंपले खरवडून टोपल्या भरणाऱ्या बायका, धक्क्यावरची पोरं. यांतल्या कुणी फोटो काढा म्हणून सांगितलं नव्हतं, की पैसेही दिले नव्हते.

आणि तेव्हा फोटो काढणं सोपं थोडंच होतं? सुरुवातीच्या काळात काचेवर रसायन ओतायचं, काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. काच वाळली की सगळी मेहनत वाया! शिवाय समोरच्या माणसाने हलायचं नाही. अनोळखी माणसाचं कुणी इतकं ऐकलं असतं का? पण सटक्लिफ रोजच्या ओळखीचे. म्हणून त्यांच्या फोटोंतले चेहरे अवघडलेले वाटत नाहीत.

त्यांना एक खंत मात्र होती. धंदा सोडून लांब जाता येत नसे. मैल-दोन मैलांची साखळीच जणू पायात! पण गंमत बघा, तेवढ्याच टापूत त्यांना जन्मभर पुरेल इतकं सापडलं. १९४१ साली ते वारले. त्यांच्या कितीतरी काचा आजही जपून ठेवल्या आहेत आणि व्हिटबीचे ते साधे कष्टकरी लोक आजही आपल्याकडे बघताहेत.

आता आमच्या निबंधाचं काय झालं? मी त्या मुलाला म्हटलं, "आजीला विचारून लिही." दुसऱ्या दिवशी वही आली. त्यात होतं, "आजोबांच्या डाव्या भुवईवर गळ लागल्याची खूण होती. हसले की ती वर जायची."

मग मी त्याच्या घरी गेले. आजी अंगणात बांगडे वाळत घालत होती. फोन पुढे केला तर पदर सारखा करत म्हणाली, "माजो फोटो कित्याक ओ बाई?" नातवानेच तिला समजावलं आणि फोटोही त्यानेच काढला.

दोस्तांनो, आपल्या घरच्या फोनमध्ये वाढदिवसाच्या केकचे शंभर फोटो असतील. या रविवारी एक वेगळा काढा. पोस्टमन, गवंडी, फावल्या वेळात शंख-शिंपले जमवणारे काका, जो जवळ असेल तो, त्याच्या कामात रमलेला. आधी विचारा हं! मग फोटो छापून घ्या आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा. पुढे कुणीतरी तो शोधणार आहे.

तुमच्या,
बाई