आरोग्यचिंतन : अहवालात न उमटणारा आजार



व्यापारी माणसाला पुराव्याची सवय असते. पावती हाती आल्यावाचून रक्कम जमा धरायची नाही, ही शिस्त आपल्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. आजाराच्या बाबतीतही आपण तीच लावतो. मधुमेह म्हटला की साखरेचा आकडा हवा, हृदयविकार म्हटला की कार्डिओग्राम. म्हणून घरचा कर्ता मुलगा दुकानात जाईनासा झाला, किंवा सूनबाई पहाटे तीनला उठून भिंतीकडे पाहत बसू लागली, की प्रथम रक्ततपासणी होते. अहवाल निर्दोष आला की घरातील वडीलधारे सुटकेचा निःश्वास टाकतात : "काही निघाले नाही, मनाचे खेळ आहेत." हा निष्कर्ष चुकीचा आहे. नैराश्याची खात्रीशीर साक्ष देणारी रक्ततपासणी आज जगात कोठेही वापरात नाही. मग ती निर्दोष आली याला अर्थ काय उरतो?

अशी तपासणी शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नव्हे. त्यांतील सर्वांत गाजलेला प्रयत्न डॉ. बर्नार्ड कॅरोल यांचा. संकटकाळी आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक वाढते. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी दिली, तर निरोगी माणसाच्या मेंदूला 'कॉर्टिसोल पुरेसे आहे' असा संदेश मिळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे रक्तातील प्रमाण खाली येते. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत ते खाली येत नाही, असे कॅरोल यांना १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात काम करताना आढळले. पुढे अमेरिकेत मिशिगन येथे त्यांनी हे काम वाढवले आणि १९८१मध्ये त्यावरील प्रसिद्ध लेख लिहिला. मेलँकोलिया या तीव्र प्रकारातील १०० पैकी ६७ रुग्ण ही चाचणी ओळखते आणि तो प्रकार नसलेल्यांपैकी ९६ टक्क्यांना बिनचूक वगळते, असे त्यात मांडले होते. मनोविकारशास्त्राला अखेर आपली प्रयोगशाळा मिळाली, असे तेव्हा अनेकांना वाटले आणि अमेरिकेतील रुग्णालयांतून ही चाचणी सर्रास होऊ लागली.

मग उलट उदाहरणे पुढे येऊ लागली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत चाचणी सदोष येई, दारू नुकतीच सोडलेल्यांत येई. आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, ज्यांना नैराश्याचा लवलेशही नव्हता अशा निरोगी स्वयंसेवकांनी आहार घटवून वजन कमी केले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींचीही चाचणी सदोष आली. नैराश्याचा रुग्ण तर बहुधा जेवतच नाही. मग चाचणीत दिसते ते दुःख की भूक? १९८७मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने निदानासाठी या चाचणीचा उपयोग मर्यादित असल्याचे सांगितले, आणि तिचे दिवस संपले.

येथे थोडे विषयांतर करतो. शरीराच्या रसायनशास्त्राला तप आणि अन्नावरची वासना मरणे यांतील भेद नेहमीच कळेल असे नाही. घरच्या माणसांना तो कळला पाहिजे. पच्चक्खाण घेऊन अठ्ठाई करणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्साह असतो, तो व्याख्यानाला येऊन बसतो, पारण्याचा दिवस मोजतो. ज्याला ताटच नकोसे झाले आहे, तो यांतले काहीच करत नाही. त्याच्या न जेवण्याची अनुमोदना करण्यापूर्वी त्याच्याजवळ घटकाभर बसावे. कोणी याला असातावेदनीय कर्माचा उदय म्हणेल. म्हणो, परंतु त्याच कर्माने ताप आला, तर आपण वैद्याकडे जातोच ना?

कॉर्टिसोलनंतर शोध जनुकांकडे वळला. २०१९मध्ये ८ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून नैराश्याशी निगडित १०२ जनुकीय स्थाने सांगितली गेली. प्रत्येकाचा परिणाम मात्र इतका सूक्ष्म, की त्यांवरून एखाद्या व्यक्तीचे निदान होऊ शकत नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील २०१३चा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर सांध्यांच्या दाहावरील इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरून पाहिले. एकंदरीत ते निर्जीव सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. पण ज्यांच्या रक्तात दाहाची खूण असलेले सीआरपी ५ मिलिग्रॅमच्या वर होते, त्यांच्यात लाभाची चिन्हे दिसली. एकेकाळी हिवताप आणि विषमज्वर दोन्ही नुसत्या 'तापा'च्या सदरात जमा होत. नैराश्य हेही बहुधा अशा अनेक आजारांचे एकच खाते असावे, आणि म्हणूनच त्याची एक खूण सापडत नसावी.

मग डॉक्टर रक्त तपासतात ते कशासाठी? नैराश्यासारखी दिसणारी अन्य कारणे शोधण्यासाठी. थायरॉइड मंदावले तरी माणूस सुस्त व उदास होतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव तर आपल्या शाकाहारी घरांचा नेहमीचाच प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ते कमी आढळले होते आणि शाकाहाऱ्यांना धोका अधिक होता. ही उणीव अवश्य भरून काढावी. (कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते, औषधविक्रेत्याकडे साध्या गोळीची चौकशी करावी.) पण उणीव भरूनही मन उभारी धरत नसेल, तर तपास तेथेच थांबवू नये.

निदान आजही विचारपूस करूनच होते. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, उदासी किंवा कशातच रस नसणे. त्याबरोबर झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांतील बिघाड, आपण निरुपयोगी असल्याची भावना, मरणाचे विचार. यांपैकी निम्मे तर रुग्ण स्वतः सांगतच नाही. तो रोकड मोजताना तीनदा चुकतो, हे मुनीमजींना ठाऊक असते. रात्री येरझारा घालतो, हे पत्नीला. डॉक्टरांकडे जाताना अहवालांच्या फाइलबरोबर या दोघांपैकी एकाला न्यावे. मरणाची भाषा कानी आली, तर त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.