सागरपूजन आणि आपल्या नदीची वाळू

आज नारळी पौर्णिमा. कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव सागरास श्रीफळ अर्पण करतील. नागपुरात घरोघरी नारळीभात होईल, राखी बांधली जाईल. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपणांस सागराची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपली नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्यास, चैतन्येश्वराच्या सान्निध्यात, वैनगंगेत विलीन होते. वैनगंगा आणि वर्धा यांची प्राणहिता होते, ती गोदावरीस मिळते आणि गोदावरी पूर्वसागरास. आपल्या अंगणातील माती अखेर सागरार्पणच होते.

हे अर्पण आता घटले आहे. किनाऱ्याचाही जमाखर्च असतो. तिरप्या येणाऱ्या लाटा वाळू पुढे वाहून नेतात. ती तूट नद्या भरून काढतात. धरणांत गाळ अडला, पात्रांतून वाळू उपसली गेली, की जमा आटते. खर्च मात्र थांबत नाही. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा काही किनारा मागे हटण्यामागे अभ्यासकांनी हेच एक प्रमुख कारण दिले आहे. काकिनाड्याजवळील उप्पाडा गावची घरे व रस्ते समुद्राने गिळले. इकडे कोकणात रत्नागिरीचे मिऱ्या आणि कर्ली नदी व समुद्र यांच्यामध्ये चिंचोळे वसलेले देवबाग हीच धास्ती घेऊन पावसाळा काढतात. १९९० ते २०१८ या काळात देशाचा सुमारे एकतृतीयांश किनारा धुपल्याचे राष्ट्रीय पाहणीत आढळले. त्यातच १९०१ ते २०१८ या अवधीत जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली.

वस्ती वाचविण्यास दगडी बंधारा कित्येकदा अटळ ठरतो. परंतु त्यावर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि धूप शेजारच्या गावावर ढकलली जाते. खारफुटी व वाळूच्या टेकड्या जपणे, बांधकाम किनाऱ्यापासून मागे ठेवणे, हे उपाय संथ असले तरी टिकाऊ आहेत.

गोसीखुर्दच्या पाण्यावर आपल्या शेतकऱ्याचा हक्क आहे. धरणे नकोत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण साचलेला गाळ शक्य तेथे पुढे सोडण्याची व्यवस्था आणि कन्हान-वैनगंगेतील वाळूच्या चोरीस पायबंद, एवढे तरी व्हावयास हवे. सागरास नारळ वाहावयाचा तर उभे राहण्यास किनारा हवा. आणि त्याचे रक्षण आपल्या दारच्या नदीपासून सुरू होते.