कर चालतो, बाई चालत नाही

"ताई, यंदाचा फॉर्म भरू की नको?"

न्यू जर्सीहून ती फोनवर विचारत होती आणि मला उत्तर देता येईना. कारण चार वर्षांपूर्वी तिला फॉर्म भरायला लावणारी मीच. तेव्हा मी तिथल्या दक्षिण आशियाई बायकांच्या एका गटाबरोबर काम करत होते. "कर भर, नोंद ठेव, उद्या कधी कायदा बदलला तर चांगल्या वागणुकीचा पुरावा होईल," असं मी तिला मोठ्या खात्रीने सांगितलं होतं.

तिचं नाव देत नाही. सातारा जिल्ह्यातली, बी. कॉम. झालेली. लग्न होऊन एच-फोर व्हिसावर गेली, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली. घटस्फोट झाला आणि शेपूट तुटलं. मुलगा तिथे जन्मलेला, म्हणून अमेरिकी नागरिक. बापाच्या संमतीशिवाय त्याला देशाबाहेर नेऊ नये, असा कोर्टाचा हुकूम आहे. "मग ही परत का येत नाही?" असं आपल्याच एका बैठकीत विचारलं गेलं, म्हणून सांगते. वर्षाहून जास्त काळ कागदांविना राहिलेली व्यक्ती अमेरिकेबाहेर पडली, की तिच्यावर दहा वर्षं प्रवेशबंदी लागते. हा १९९६ चा कायदा. सहा वर्षांच्या मुलाला ती सोळाव्या वर्षी भेटेल. आता विचारा, परत का येत नाही.

ती काय करते? सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एका मराठी घरात दोन मुलं सांभाळते. शनिवारी ऑर्डरच्या पोळ्या. घर चांगलं सुशिक्षित आहे, दिवाळीला साडी देतं. आणि हेच घर तिला सांगतं, "तू काही आमची नोकर नाहीस गं. तू स्वतंत्र कंत्राटदार." ऐकायला किती सन्मानाचं वाटतं! पण किती वाजता यायचं, मुलांना काय भरवायचं, सुट्टी कधी घ्यायची, हे सगळं ते ठरवतात. तिथल्या कर खात्याच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेसुद्धा अशी बाई कामगार ठरते, कंत्राटदार नव्हे.

या एका शब्दाने काय साधतं ते नीट बघा. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर यांचा कर एकूण १५.३ टक्के. कामगार असेल तर अर्धा, म्हणजे ७.६५ टक्के, मालकाने भरायचा. कंत्राटदार म्हटलं की दोन्ही अर्धे तिच्याच डोक्यावर. हिशोबातली सूट धरूनही शंभर डॉलर निव्वळ कमाईतले चौदा जातात. वर्षाला वीस हजार डॉलर मिळवणारीचे २,८०० च्या वर, आणि हे आयकराच्या आधीचं. तिथला किमान वेतनाचा केंद्रीय कायदा कागद नसलेल्या कामगारालाही लागू होतो, हे आपल्यातल्या फार थोड्याजणींना माहीत असतं. पण तो कामगाराला लागू होतो! कंत्राटदाराला नाही. कामगार ठेवताना कागद तपासण्याची सक्ती १९८६ पासून आहे, कंत्राटदाराच्या बाबतीत ती नाही. म्हणजे कागद नसलेल्या बाईला कंत्राटदार म्हणण्यात सोय कोणाची, हे सांगायला नकोच.

आणि कर खातं? त्याने १९९६ मध्ये नऊ आकडी नंबर काढला, आयटिन. ज्यांना सामाजिक सुरक्षेचा नंबर मिळत नाही, त्यांनी हा घ्यावा आणि कर भरावा. या नंबराने राहण्याचा हक्क मिळत नाही, काम करण्याचा मिळत नाही, पेन्शन मिळत नाही. देता मात्र येतं. 'इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी' या संस्थेचा २०२४ चा अंदाज असा, की कागद नसलेल्यांनी २०२२ या एका वर्षात ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातले २५.७ अब्ज सामाजिक सुरक्षेच्या खात्यात गेले. म्हातारपणी ज्यांना त्यातलं काही मिळायचं नाही, त्यांनी इतरांच्या म्हातारपणासाठी भरलेले हे पैसे. २०२० च्या साथीत सरकारने घरोघरी मदतीचे चेक पाठवले, ते आयटिनवाल्यांना नाहीत. २०२५ च्या कायद्याने तर आईकडे तो दुसरा नंबर नसेल तर नागरिक मुलाच्या नावची सवलतही काढून घेतली. मूल त्यांचं, पण आई कोणाचीच नाही.

त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, कर खात्याने स्थलांतर खात्याशी माहिती देण्याचा करार केला. कराची माहिती गुप्त राहील या भरवशावर ज्यांनी पत्ते लिहून दिले, त्यांचेच पत्ते! प्रकरण कोर्टात गेलं, असे पत्ते देणं बेकायदा असल्याचे ताशेरेही ओढले गेले. पण फॉर्मवर तिचा पत्ता आहेच, आणि तो लिहायला मी सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र मला आपल्या चळवळीशी भांडून सांगायची आहे. "ती कर भरते, म्हणून तिला हक्क द्या," ही घोषणा आपण सहज उचलतो. मीही दिली आहे. ती ऐकायला गोड आणि आतून घातक. म्हणजे जी कर भरण्याइतकं कमवत नाही, जी आजारी आहे, जी घरात बिनपगारी राबते, तिला हक्क नाही? पावती दाखवा नि माणूस व्हा? बायकांचे अर्ध्याहून अधिक श्रम कुठल्याच पावतीवर येत नाहीत, हे आपणच ना ओरडून सांगत आलो? तिचा हक्क तिच्या दहा तासांच्या कामातून येतो. कर हा त्या घरमालकांच्या आणि सरकारच्या लबाडीचा पुरावा आहे, तिच्या लायकीचा नव्हे.

आणि अमेरिकेला नावं ठेवताना आपलं अंगण विसरू नये. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, 'मानधन' म्हणायचं. आशाताई 'स्वयंसेविका'. ऊसतोड करणाऱ्या जोडप्याची उचल नवऱ्याच्या नावावर, बाईच्या कोयत्याची नोंदच नाही. शब्द बदलून श्रम लुटण्याची विद्या आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको.

शेवटी मी तिला एवढंच म्हटलं, की १५ एप्रिलच्या आत स्थलांतराच्या खऱ्या वकिलाला भेट, दुकान थाटून बसलेल्या सल्लागाराला नको. आमच्या जुन्या गटातून एक नाव मिळालं, ते कळवलं. आणि रोजचे तास वहीत लिहून ठेव.

"वही आहे, ताई," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासूनची. मुलांना मी काय भरवलं, ते लिहायला त्यांनीच दिली होती. मागच्या पानांवर मी तास लिहिते."