किडीची जात ओळखता, जंतूची कोण ओळखणार?

बोंडअळीनं आपल्याला चांगला धडा दिलाय. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा अळी मरायची. पुढं गुलाबी अळी तीच बीटी पचवायला लागली. म्हणून आता आपण कामगंध सापळे लावतो, अळी मोजतो आणि मगच फवारा ठरवतो.

लेकरांच्या न्युमोनियाचंही असंच आहे. न्यूमोकोकस हा जंतू फुफ्फुसात, रक्तात, मेंदूच्या आवरणात शिरतो. त्याच्या शंभरावर जाती आहेत; लस मात्र निवडक जातींवरच चालते. अमेरिकेत २००० साली सात जातींची लस आली. त्या जातींचा आजार घटला, पण लसीत नसलेली ‘१९-ए’ ही जात वाढली. तिच्यावर बरीच अँटिबायोटिकं चालेनात. रुग्णांचे नमुने सतत तपासले जात होते, म्हणून हे कळलं. २०१० च्या तेरा जातींच्या लसीत ‘१९-ए’ घेतली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२० साली आणलेल्या दहा जातींच्या लसीतही ती आहे.

मग घोडं अडतं कुठं? आपल्याच घरात! रोहिणखेडसारख्या गावात लेकरू तापलं की मागची उरलेली गोळी, नाहीतर मेडिकलमधून मागून आणलेलं अँटिबायोटिक आधी पोटात जातं. दोन दिवसांनी दवाखाना गाठला, तर रक्ताच्या तपासणीत जंतू बरेचदा उगवतच नाही. त्याची जात कळत नाही आणि कोणतं औषध चालेल हेही कळत नाही. मग आपल्या भागातल्या जंतूंची नोंद होणार कशी? पुढची लस दुसरीकडच्या नमुन्यांवरच ठरणार.

तेव्हा मनानं अँटिबायोटिक देऊ नका. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली गेली, तर लगेच दवाखाना गाठा. आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी पहिला डोस दिला तर तो नाकारू नका. नमुन्यापायी उपचार थांबता कामा नये.

सरपंच, ग्रामसेवकांनीही दोन कामं करावीत. ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आणि नवव्या महिन्याला. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या घरांतल्या लेकरांचा नवव्या महिन्याचा डोस राहिला का, त्याची यादी करा. आणि जिल्ह्यातच जंतूतपासणी नेमानं व्हावी, तिची नोंद राज्याकडं जावी, असा ठराव ग्रामसभेत घ्या. कपाशीसाठी सापळे लावतो, तर लेकरांसाठी एवढं तर मागायलाच हवं.