संगणक दुरुस्तीचा फोन आणि गल्ल्याची चावी

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, आज कापडाच्या पेढीवर वहीच्या जागी संगणक आला आहे. २०१७ साली जीएसटी लागू झाल्यापासून तर लहान व्यापाऱ्याचेही त्याच्याशिवाय चालत नाही. हिशेब, बिले, बँकेचा व्यवहार, सारे त्या एकाच पेटीत. चोरांनीही हे हेरले आहे.

फोन येतो. बोलणारा मोठा अदबशीर. आपण मायक्रोसॉफ्टचा माणूस आहोत, तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, आत्ताच दुरुस्त केला नाही तर सारा हिशेब पुसला जाईल, असे तो सांगतो. कधी पडद्यावरच मोठा इशारा झळकतो, भोंगा वाजतो आणि खाली फोन नंबर असतो. पुरावा म्हणून तो 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावतो. लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी पाहून माणूस घाबरतो. वास्तविक तशी यादी धडधाकट विंडोज संगणकातही असते. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो आणि मायक्रोसॉफ्ट आपणहून कोणाला असा फोन करत नाही.

पुढे तो 'एनीडेस्क'सारखे सॉफ्टवेअर घ्यायला लावतो. हे सॉफ्टवेअर मुळात वाईट नाही. आपला ओळखीचा अकाउंटंट घरबसल्या टॅली दुरुस्त करतो, तो अशाच साधनाने. पण त्यावरचा कोड परक्याला सांगितला की संगणक त्याच्या ताब्यात गेला. याच मार्गाने खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना दिला होता.

आणखी एक डाव आहे. "तुमची फी परत करतो" म्हणून तो बँकेचे पान उघडायला लावतो आणि पडद्यावरचा आकडा बदलून जास्त रक्कम जमा झाल्याचे दाखवतो. मग रडवेला होऊन जादा पैसे परत मागतो. इमानदार माणूस इथेच फसतो. खात्यात काहीच आलेले नसते, जाते ते मात्र खरे असते.

गोदामात माल भिजला आहे, असे सांगत कोणी अनोळखी इसम आला आणि चावी मागू लागला, तर आपण देऊ का? आमचे म्हणणे एवढेच की, दुरुस्ती करणारा आपण बोलावलेला असावा. न बोलावता आला, तो कारागीर नव्हे. मोहल्ल्यातला ओळखीचा मेकॅनिक दोन पैसे जास्त घेईल, पण उद्या त्याला जाब विचारता येतो.

फसगत झालीच तर शरमेने गप्प बसू नये. इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते बंद करावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेली रक्कम ग्राहकाची, पण बँकेला कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. म्हणून एकेक मिनिट मोलाचे आहे.

आता एक कडू गोष्ट. फोनच्या त्या टोकाला बसलेला मुलगाही कोणाच्या तरी घरचाच असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात संगणक दुरुस्तीच्या नावाखाली परदेशी लोकांना लुटणाऱ्या कॉल सेंटरांची प्रकरणेही होती. इंग्रजी येणाऱ्या बेरोजगार पोराला तिथे चांगला पगार दिसतो. "कंपनीने दिलेला कागद वाचतो, आमचा काय गुन्हा?" असे तो म्हणतो. परंतु मापात खोट करणाऱ्याची कमाई जशी हराम, तशीच भीती विकणाऱ्याचीही. लुटला गेलेला माणूस आपल्या शहरातला की परमुलखातला, याने फरक पडत नाही.

तेव्हा पेढीवरच्या नोकराला आणि घरातल्या बायका-मुलांना हा डाव आजच समजावून सांगावा. आणि मुलगा कॉल सेंटरला लागला असेल, तर पगार किती हे विचारण्याआधी तिथे काय विकले जाते, हे विचारावे.